बिनसाखरेचे रताळ्या-चिकूचे मफिन: गोडी भाजीतून काढायची कशी

साखर वगळली, तिच्या जागी वाटीभर गाजर किसून घातलं, बाकी सगळं नेहमीच्या मफिनसारखं. ओव्हनमधून निघाले ते फिके, मधोमध बसलेले, आतून गिच्च. पोरांनी एक घास खाऊन बाजूला ठेवले. ही तक्रार इतक्या जणींकडून इतक्यांदा ऐकली आहे की आता सगळं क्रमानं लिहूनच काढते.

गडबड बहुतेक वेळा पीठ भिजवण्याच्या आधीच झालेली असते. कच्च्या भाजीत गोडी कमी आणि पाणी फार. ती तशीच मिश्रणात गेली की पंचवीस मिनिटांच्या भाजण्यात तिची गोडी वर येत नाही, आणि पाणी मात्र सगळं सुटतं. म्हणून भाजी आधी वेगळी शिजवायची, तिचं पाणी उडवायचं, गोडी दाट करायची, आणि मगच मफिनचा विचार करायचा. या लेखातलं निम्मं काम आदल्या दिवशीचं आहे. ते टाळून पुढच्या टप्प्यावर उडी मारणार असाल तर सरळ गूळ घालून केक करा, तो छान होईल.

एक आधीच सांगून ठेवते. हे मफिन बेकरीतल्या मफिनइतके गोड होणार नाहीत. पिकलेलं केळं जितकं गोड लागतं, साधारण तितकी गोडी धरा.

## साहित्य (१२ मफिन)

वजनकाटा घ्या. वाटी प्रत्येकीच्या घरची वेगळी असते, आणि या कृतीत पाण्याचा हिशोब चुकला की सगळंच चुकतं.

- भाजलेल्या रताळ्याचा गर: २०० ग्रॅम (त्यासाठी कच्ची रताळी ३५० ते ४०० ग्रॅम)
- खूप पिकलेलं केळं, कुस्करून: १२० ग्रॅम
- पिकलेला पण घट्ट चिकू, सोलून, बिया काढून: १२० ग्रॅम
- मनुका: ४० ग्रॅम
- कणीक: २०० ग्रॅम
- दूध पावडर, साखर नसलेली: २५ ग्रॅम
- अंडी: २
- घट्ट ताजं दही: ६० ग्रॅम
- वास नसलेलं तेल: ७० मिली
- बेकिंग पावडर: २ छोटे चमचे, सपाट
- खाण्याचा सोडा: पाव छोटा चमचा
- मीठ: पाव छोटा चमचा
- वेलची पूड: पाऊण छोटा चमचा, आणि चिमूटभर जायफळ

इथे चमचा म्हणजे मापाचा चमचा, ५ मिलीचा. डब्यातल्या चमच्यानं सोडा घेऊ नका.

दूध पावडर कशाला, असं विचारलं जातं. साखर नसली की मफिनवर तांबूस रंग नीट येत नाही. दूध पावडरमधली दुधाची साखर आणि प्रथिनं मिळून तो रंग आणतात, शिवाय हलकी गोडीही देतात. वेलची आणि जायफळ स्वतः गोड नसतात, पण आपल्या जिभेला त्यांच्या वासाबरोबर गोड खायची सवय असल्यानं तोच घास जास्त गोड वाटतो. मीठही तेच काम करतं. ते वगळू नका.

खजुराबद्दल माझं मत थोडं कडक आहे. पाव किलो खजूर वाटून घालायचा आणि ‘बिनसाखरेचे’ म्हणायचं, यात मला काही अर्थ दिसत नाही. अगदीच फिके वाटले तर पुढच्या वेळी चार-पाच मऊ खजूर बारीक चिरून मनुकांच्या जागी घाला. तेवढे पुरेत.

## टप्पा १: रताळं निवडणं आणि भाजणं (आदल्या दिवशी)

आपल्याकडे मिळणारं लाल सालीचं, आतून पांढरट-पिवळसर रताळं चालतं. नारिंगी गराचं मिळालं तर रंग सुरेख येतो, पण त्यात पाणी जास्त असतं. मध्यम जाडीची, सारख्या आकाराची घ्या. दंडाएवढं जाड रताळं बाहेरून जळतं आणि आतून तसंच राहतं.

कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडी लागली की त्यांचा मधला भाग कडक होतो आणि कितीही शिजवला तरी मऊ पडत नाही. टोपलीत, हवेशीर जागी आठवडाभर राहिली तर उलट त्यांची गोडी वाढते. आषाढी किंवा महाशिवरात्रीला आणलेल्यांतली उरलेली रताळी या कामाला उत्तम.

आता भाजणं. रताळ्यात एक एन्झाइम असतं. ते स्टार्चचं रूपांतर माल्टोज नावाच्या साखरेत करतं. साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते जोरात काम करतं, त्याहून जास्त तापलं की थांबतं. म्हणजे रताळं जितका वेळ त्या मधल्या तापमानात राहील तितकं गोड होईल. प्रेशर कुकरमध्ये ते काही मिनिटांतच ही पायरी ओलांडून जातं. मायक्रोवेव्हमध्ये तर त्याहून लवकर. त्यामुळे कुकरचं रताळं मऊ होतं, पण गोड होत नाही.

१. रताळी धुऊन, पुसून पूर्ण कोरडी करा. सोलू नका, चिरू नका. काट्यानं दोन-तीन ठिकाणी टोचा.

२. ट्रेवर बटर पेपर घालून त्यावर ठेवा. खाली चिकट पाक गळतो, तो ट्रेला लागला की घासून घासून हात दुखतात.

३. थंड ओटीजीत (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) ठेवा. आधी तापवायचा नाही. १५० अंशांवर ४५ मिनिटं, मग २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. मध्ये एकदा उलटवा.

४. बंद करून आतच निवू द्या.

ओटीजी दीड तास चालवणं जिवावर येत असेल तर जाड बुडाच्या कढईत, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर तासभर ठेवा आणि दर दहा-बारा मिनिटांनी फिरवा. पाणी घालायचं नाही. साल थोडी करपते, करपू द्या. आणि एकदा ओटीजी लावलाच आहे तर किलोभर रताळी भाजून घ्या, उरलेला गर २०० ग्रॅमच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवता येतो.

तपासा: साल गरापासून सुटून सैल झाली आहे, टोचलेल्या जागी काळपट चिकट थेंब आलेत, सुरी लोण्यात जावी तशी आत जाते. थेंब आले नसतील तर अजून पंधरा मिनिटं द्या.

## टप्पा २: गर काढणं

गार झालेल्या रताळ्याची साल हातानं ओढून काढा. गर पुरणयंत्रातून फिरवा, किंवा चाळणीवर वाटीच्या बुडानं घासून गाळा. रेषा वरच राहतात.

मिक्सर लावू नका. मिक्सरच्या पात्यांनी शिजलेल्या रताळ्यातला स्टार्च फुटतो आणि गर डिंकासारखा चिकट होतो. तो गोळा पुढे मिश्रणात नीट मिसळत नाही, मग मिसळायला तुम्ही जास्त ढवळता, आणि जास्त ढवळलं की मफिन चामट. मिक्सर फिरावा म्हणून पाणी घालणं तर त्याहून वाईट. तासभर लावून उडवलेलं पाणी परत आत गेलं.

गर चमच्यावर घेऊन चमचा उलटा करा. पडला नाही तर बरोबर. हळूहळू घसरला तर कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता.

तपासा, आणि ही पायरी चुकवू नका: चमचाभर गर तोंडात टाका. तो तुम्हाला हव्या असलेल्या मफिनपेक्षा बराच जास्त गोड लागला पाहिजे, कारण पुढे त्यात कणीक, अंडी, दही मिसळून त्याची गोडी विरळ होणार आहे. गर नुसता ‘बरा’ लागत असेल तर मफिन फिकेच होतील. त्या गराचे पराठे करा आणि दुसरी रताळी आणा.

## रताळ्याऐवजी दुसरी भाजी घ्यायची असेल तर

लाल भोपळा. सगळ्यांना हाच आधी सुचतो, घारग्यांमुळे. पण घारग्यात गूळ असतो हे विसरलं जातं. भोपळ्यात स्वतःची गोडी बेताची आणि पाणी भरपूर. मोठ्या फोडी २०० अंशांवर ४० मिनिटं भाजा, साल काढा, गर स्वच्छ पंचात बांधून तासभर टांगा, मग कढईत परता. उलथन्यानं रेघ ओढली की ती भरून येता कामा नये. अर्धा किलो फोडींचा गर जेमतेम २०० ग्रॅम उरतो. एकटा भोपळा मफिन गोड करू शकत नाही. १०० ग्रॅम भोपळा आणि १०० ग्रॅम रताळं घ्या.

गाजर. हिवाळ्यातली लाल गाजरं घ्या. वर्षभर मिळणारी नारिंगी गाजरं या कामाला फिकी पडतात. ४०० ग्रॅम गाजर बारीक किसून, चमचाभर तुपावर, झाकण न ठेवता मंद आचेवर परता. गाजर हलव्याची सुरुवात करतो तसंच, फक्त दूध-साखरेच्या आधी थांबायचं. कीस वजनानं निम्मा झाला आणि कढईला चिकटायला लागला की झालं.

बीट. गोडीला चांगलं, पण मातीसारखा वास आड येतो. साल न काढता फॉइलमध्ये गुंडाळून १८० अंशांवर तासभर भाजा. रताळ्याच्या निम्म्याच प्रमाणात घ्या आणि वेलचीऐवजी कोको पावडर १५ ग्रॅम घाला, वास झाकला जातो. एकजात गुलाबी मफिनचे फोटो बघून त्याच्या मागे लागू नका. सोडा आणि उष्णता मिळून तो रंग बराचसा तपकिरी करतात.

दुधी, काकडी. कोकण-गोव्याकडे काकडीचं धोंडस होतं, पण त्यातली गोडी गुळाची. या भाज्या ओलावा देतात, गोडी नाही. इथे उपयोग नाही.

## टप्पा ३: फळं तयार करणं

केळं. सालीवर काळे ठिपके भरपूर हवेत. पिवळंधमक केळं अजून पिष्टमय असतं, त्यातली साखर तयार व्हायची असते. काट्यानं कुस्करा. बारीक गुठळ्या राहिल्या तर चालतात.

चिकू. डहाणू-घोलवडकडचे चिकू हाताशी असतील तर उत्तम, पण पिकलेपणा महत्त्वाचा. नखानं साल किंचित खरवडा. खाली हिरवट दिसलं तर कच्चा, त्याचा चीक जिभेला आणि टाळूला धरतो, आणि भाजल्यावरही तो तुरटपणा जात नाही. फार पिकून लगदा झालेलाही नको. बोटानं दाबल्यावर हलकी खूण पडेल एवढाच. एक सेंटिमीटरच्या फोडी करा आणि बिया मोजून काढा. चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो, लहान मुलांच्या घशात ती अडकू शकते.

मनुका. कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा, मग घट्ट पिळून पुसा. कोरड्या मनुका मफिनमधलंच पाणी ओढून घेतात, आणि वर राहिलेल्या करपून कडू होतात.

इतर फळं घालणार असाल तर दोन सूचना. अननस आणि पपई कच्ची घालू नका. त्यांतली एन्झाइम दह्यावर आणि अंड्यावर काम करतात, मिश्रण पातळ पडतं आणि कडवट चव येते. अननस पाच-सात मिनिटं शिजवून, रस आटवून घाला. दुसरं, स्ट्रॉबेरी, संत्रं यांसारखी आंबट फळं या मफिनमध्ये फसतात. आंबटपणानं गोडी दबते, आणि इथे दबायला जास्तीची गोडी नाहीच. सफरचंद चालेल, पण किसून नको. फोडी करून कोरड्या तव्यावर चार मिनिटं परता.

थांबा आणि बघा: गर, केळं, अंडी, दही सगळं घरातल्या तापमानाला आलं आहे ना? फ्रिजमधला थंड गर घातला तर भाजायला वेळ लागतो आणि कडा सुकेपर्यंत मध्य कच्चा राहतो.

## टप्पा ४: ओव्हन आणि साचे, पीठ भिजवण्याआधी

सोडा दह्याला लागला की लगेच बुडबुडे सुरू होतात. ते साच्यात जाण्याआधी विरले तर मफिन फुलणार कशानं? म्हणून मिश्रण करायच्या आधी ओटीजी तापलेला आणि साचे तयार हवेत. हा क्रम उलटा होतो आणि मग पीठ ओट्यावर पंधरा मिनिटं वाट बघत बसतं.

ओटीजी १९० अंशांवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, १५ मिनिटं. दिवा विझला म्हणजे तापला असं धरू नका. आतल्या भिंती आणि जाळी तापायला अजून वेळ लागतो. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर करत असाल तर १७५ ठेवा, पंख्यामुळे उष्णता जास्त लागते.

साच्यांना तेल लावून वर कणीक भुरभुरा, झटकून टाका. कागदी कप वापरायचे तर आतून तेलाचा हात फिरवा. साखर नसलेला मफिन कागदाला घट्ट चिकटतो, आणि सोलताना निम्मा कागदावरच राहतो. सिलिकॉनचे साचे असतील तर ते सगळ्यात सोयीचे.

## टप्पा ५: ओलं मिश्रण

१. मोठ्या पातेल्यात अंडी फोडून एक मिनिट चांगली फेसा. साखर नसल्यानं फेसताना हवा धरून ठेवायला तिची मदत नाही, तेव्हा हात जरा जोरात चालवा.

२. तेल बारीक धारेनं घालत फेसत राहा. नंतर दही.

३. रताळ्याचा गर थोडा थोडा घाला. आधी चमचाभर गर सैल करून घ्या, मग बाकीचा. एकदम टाकला की गुठळ्या होतात.

४. केळं घालून मिसळा.

इथे हवं तेवढं ढवळा. कणीक पडेपर्यंत काही बिघडत नाही, म्हणून सगळ्या गुठळ्या इथेच मोडून घ्या.

## टप्पा ६: कोरडं मिश्रण आणि मिसळणं

कणीक, दूध पावडर, बेकिंग पावडर, सोडा, मीठ, वेलची, जायफळ एकत्र करून दोनदा चाळा. चाळणीत राहिलेला कोंडा फेकू नका, परत मिसळा. सोड्याची एखादी गुठळी राहिली तर ती ज्याच्या घासात येते तो पुन्हा तुमच्या मफिनला हात लावत नाही.

चाळलेल्यातली चमचाभर कणीक चिकूच्या फोडी आणि मनुकांवर भुरभुरून हलवून घ्या. त्या एकमेकांना चिकटत नाहीत, तळाशीही बसत नाहीत.

कोरडं सगळं एकाच वेळी ओल्यात घाला. उलथन्यानं खालून वर, खालून वर असं उलटवा. फेटायचं नाही. दहा-बारा वेळा उलटवल्यावर, अजून थोडी कोरडी कणीक दिसत असतानाच फळं घाला आणि आणखी चार-पाच वेळा उलटवा. मग हात थांबवा.

नेहमीच्या केकमध्ये साखर ग्लुटेनला, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाला, आवर घालते. इथे तो आवर नाही, आणि कणकेचं ग्लुटेन पोळीसाठी मळतो तेव्हा जे करतं तेच इथेही करायला बघतं. त्यामुळे साखरेच्या केकमध्ये खपून जाणारं जास्तीचं ढवळणं इथे खपत नाही.

तपासा: मिश्रण भजीच्या पिठापेक्षा दाट, थालीपीठाच्या पिठापेक्षा सैल. चमच्यातून ओघळत नाही, धपकन पडतं. फार घट्ट वाटलं (चक्कीच्या कणकेचं पाणी शोषणं कमी-जास्त असतं) तर दूध एक-एक चमचा, जास्तीत जास्त तीन. पातळ वाटलं तर कणीक घालून ढवळत बसू नका. तसंच भाजा, तीन मिनिटं जास्त द्या, आणि पुढच्या वेळी गर जास्त आटवा.

## टप्पा ७: भरणं आणि भाजणं

नेहमी सांगतात की साचा दोन-तृतीयांश भरा. ते साखरेच्या मिश्रणासाठी. हे मिश्रण पसरत नाही आणि कमी फुलतं, तेव्हा साचा काठाच्या जरा खालपर्यंत भरा. १२ साच्यांत प्रत्येकी साधारण ७५ ग्रॅम येतं. ओल्या चमच्यानं वरचा भाग हलका सारखा करा. जसा ठेवाल तसाच भाजून निघतो, स्वतःहून गुळगुळीत होत नाही.

ट्रे मधल्या जाळीवर. २२ ते २५ मिनिटं. पहिली १५ मिनिटं दार उघडायचं नाही. १७ व्या मिनिटाला ट्रे फिरवा, कारण घरगुती ओटीजीची मागची बाजू बहुधा जास्त तापते.

झालं का, हे रंगावर ठरवू नका. साखरेच्या मफिनसारखा गडद रंग येणार नाही. त्याची वाट बघत बसलात तर वाळके मफिन हाती येतील. मधल्या मफिनवर बोटानं हलकं दाबा, खळगा लगेच भरून आला पाहिजे. टूथपिक घालून बघा. रताळ्यामुळे दोन-चार ओलसर कण लागतील, ते चालतात. पांढरट ओला लेप लागला तर अजून तीन मिनिटं. टूथपिक चिकूच्या फोडीत गेली तर ती ओलीच निघणार, म्हणून दोन ठिकाणी घालून बघा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश.

## टप्पा ८: निवू देणं

ट्रेमध्ये पाच मिनिटं, मग जाळीवर काढा. ट्रेमध्येच विसरलात तर वाफेनं तळ ओला होतो.

आणि आता सगळ्यात अवघड काम: पाऊण तास हात लावायचा नाही. गरम मफिन फोडला की आतून कच्चा वाटतो. रताळ्याचा आणि कणकेचा स्टार्च निवताना घट्ट बसतो, त्याआधी तो चिकटच असतो. ‘आतून कच्चे राहिले’ म्हणून परत ओव्हनमध्ये टाकलेले कितीतरी मफिन खरं तर झालेलेच असतात. खायला घ्याल तेव्हा ते कोमट असावेत. फ्रिजमधून काढलेला थंडगार मफिन जिभेला कमी गोड लागतो. दुसऱ्या दिवशी, ओलावा सगळीकडे सारखा पसरल्यावर, चव अजून जुळून येते.

## बिघडलं तर कुठे बघायचं

मधोमध खड्डा पडला तर गरात पाणी राहिलं होतं किंवा दार लवकर उघडलं. सोडा जास्त पडला तरी असं होतं, पण मग साबणासारखी चवही लागते. वरून कळस आला आणि आत उभे लांब बोगदे दिसले तर जास्त ढवळलंत. तळाशी ओला, गच्च थर दिसला तर फळाच्या फोडी मोठ्या किंवा रसाळ होत्या, किंवा खालचा रॉड लागलाच नव्हता. मिश्रण फुललंच नाही तर बेकिंग पावडर जुनी असेल. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली पाहिजे.

सूर्यफुलाच्या बिया घातल्या असतील आणि दुसऱ्या दिवशी मफिन आतून हिरवे दिसले तर घाबरू नका, बुरशी नव्हे. सोड्यामुळे त्या बियांमधला एक घटक हिरवा होतो. खायला हरकत नाही. पाहुण्यांसाठी करताना मात्र भोपळ्याच्या बिया घ्या.

## अंड्याशिवाय

जवसाची पूड १ मोठा चमचा (१५ मिलीचा) ३ मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा, चिकट होऊ द्या. दही ६० च्या ऐवजी १२० ग्रॅम, सोडा पावऐवजी अर्धा छोटा चमचा. भाजायला तीन-चार मिनिटं जास्त. हे मफिन जरा दाटच होतात, ते मान्य करून करा. व्हिनेगर घालून जास्त फुलवायच्या नादाला लागू नका, गोडी कमी होते.

## कोणाला द्यायचे, कसे ठेवायचे

‘साखर घातलेली नाही’ आणि ‘साखर नाही’ यांत फरक आहे. केळं, चिकू, मनुका यांत साखरच आहे, आणि मंद भाजलेलं रताळं उकडलेल्यापेक्षा रक्तातली साखर लवकर वाढवतं. घरात मधुमेह असलेलं कोणी असेल तर हे मफिन त्यांच्यासाठी मोकळीक नाहीत, एखादा खायचा तरी त्यांच्या खाण्याच्या हिशोबात धरून.

साखर टिकाऊपणाही देते. ती नसल्यानं, आणि आत फळाचा ओलावा असल्यानं, हे मफिन लवकर खराब होतात. बाहेर एक दिवस, पावसाळ्यात मुंबई-कोकणात तेवढाही भरवसा नाही. फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात तीन दिवस. डब्यात तळाला कागदी रुमाल घाला. पूर्ण निवल्याशिवाय डबा बंद केलात तर झाकणाचं पाणी त्यांच्यावरच गळतं.

त्यापेक्षा ज्या दिवशी केले त्याच दिवशी, पूर्ण निवल्यावर, एक-एक मफिन वेगळा गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. दोन महिने चांगले राहतात. घाईत हवा असेल तर मायक्रोवेव्हमध्ये ४० सेकंद, किंवा तव्यावर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. शाळेच्या डब्यासाठी तर गरम करायचीही गरज नाही. सकाळी सातला गोठलेलाच डब्यात ठेवा, छोट्या सुट्टीपर्यंत मऊ होतो.